सोयाबीनला आजी नाही

२०२५ च्या मे महिन्यातली गोष्ट. एका शुक्रवारची सुट्टी टाकली. मॅनेजरने कारण विचारलं, म्हटलं, "कॉन्फरन्सला जायचंय." तो एकदम खूश. "वा! कुठली? क्लाउड की एआय?" मी म्हटलं, "सोयाबीन." पलीकडून काही सेकंद आवाजच नाही. मला वाटलं नेट गेलं. :-)

पण खरं तेच होतं. आमच्या छत्रपती संभाजीनगरात (म्हणजे २०२३ पर्यंतचं औरंगाबाद) खरिपाच्या तयारीचा एक शेतकरी परिसंवाद होता आणि मी काकांना घेऊन जाणार होतो. मंठ्याकडची आमची शेती काका बघतात. नऊ एकर. त्यात सहा एकर सोयाबीन, बाकी कापूस आणि तूर. त्यांना तयार करायलाच मला दोन आठवडे लागले. फोनवर एकच पालुपद, "काहून जायचं तिथं? भाषणं ऐकायला? टोपी देतेत, पिशवी देतेत, जेवू घालतेत अन् वरून औषधं गळ्यात मारतेत. त्याच्यासाठी शंभर किलोमीटर यायचं व्हय?"

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर आमच्या क्षेत्रातल्या कॉन्फरन्सांचं वर्णनही याहून फार वेगळं होत नाही. टोपीऐवजी टी-शर्ट आणि औषधाऐवजी सबस्क्रिप्शन, एवढाच फरक. तरी आपण जातोच ना? कंपनी पैसे भरते, आपण तीन दिवस हॉटेलात राहतो, परत आल्यावर "नेटवर्किंग" झालं असं सांगतो आणि कोणी हिशेब मागत नाही. शेतकरी मात्र एक दिवस परिसंवादाला गेला तर आधी घरचे आणि मग पारावरचे विचारतात, काय मिळालं तिथं?

प्रश्न रास्त आहे. तेव्हा आज त्याचंच उत्तर देतो. माझं मत असं की कोणत्याही पिकाच्या शेतकऱ्याने अशा ठिकाणी जावं, पण सोयाबीनवाल्याने सगळ्यात आधी जावं. का, ते जरा सविस्तर सांगतो.

ज्वारीचं बघा. माझ्या आजीला ज्वारीतलं सगळं ठाऊक होतं. बियाण्यासाठी कोणती कणसं बाजूला काढायची, ती कशी वाळवायची, कडुनिंबाचा पाला कुठे घालायचा, कोणत्या नक्षत्राचा पाऊस पेरायचा आणि कोणता पाऊस हुलकावणी देतो. हे तिला तिच्या सासूने सांगितलं, सासूला तिच्या सासूने. कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, पण दोनशे-तीनशे वर्षं वापरून घासूनपुसून पक्कं झालेलं ज्ञान होतं ते.

सोयाबीनला अशी आजी नाही. हे पीक आपल्याकडे पसरलं तेच मुळी १९६० च्या दशकाच्या शेवटी आणि सत्तरच्या दशकात. जबलपूर आणि पंतनगरच्या कृषी विद्यापीठांनी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने त्यावर काम केलं, मग मध्य प्रदेशात ते वाढलं आणि तिथून आपल्याकडे सरकलं. ज्या जेएस-३३५ वाणावर आपल्याकडच्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं काढली ते जबलपूरहून १९९४ साली आलं. म्हणजे हे वाण आमच्या टीममधल्या काही पोरांएवढंच आहे. आमच्या घरी जमीन वडिलोपार्जित, विहीर वडिलोपार्जित, भाऊबंदकीतला दावासुद्धा वडिलोपार्जित. सोयाबीन तेवढं काकांच्या हातचं.

मग काकांना सोयाबीन शिकवलं कोणी? तालुक्याच्या कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराने. दुकानदार वाईट माणूस नाही. उधारी देतो, अडीनडीला उभा राहतो. पण त्याचा धंदा विकण्याचा आहे. जे बाटलीत किंवा पिशवीत भरून विकता येतं तेच तो सांगणार. आणि गंमत अशी, की सोयाबीनमधल्या बऱ्याच महत्त्वाच्या गोष्टी फुकट आहेत. त्या कोणाला विकताच येत नाहीत. त्यामुळे त्या सांगायला बांधावर कोणी येत नाही. त्या ऐकायला आपल्यालाच जावं लागतं.

हे आम्हाला कळलं, पण आधी चांगली किंमत मोजून.

२०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ऐन काढणीत अवकाळी पाऊस झाला होता, आठवत असेल. शेंगा झाडावर भिजल्या, गंजी भिजल्या. बियाण्यासाठीचं पीकही त्यातून सुटलं नाही. पुढच्या जूनमध्ये, म्हणजे २०२० ला, महाराष्ट्रभर सोयाबीन उगवलंच नाही म्हणून हजारो तक्रारी आल्या. प्रकरण इतकं वाढलं की मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. आपण सगळे तेव्हा लॉकडाउनमध्ये घरी बसून पाव भाजत होतो. आमच्या सहा एकरांतलं जवळजवळ चार एकर उगवलं नव्हतं.

काकांनी दुबार पेरणी केली, बियाणं अर्थातच उधारीवर. तक्रार करायला गेले तर तिथे विचारलं, "बिल? बॅगेचं लेबल? थोडं बियाणं शिल्लक ठेवलंय का?" बिल पावसात भिजून गेलेलं. बॅगा काकूने धुऊन गहू भरायला घेतलेल्या (चांगली बॅग कोण फेकून देतं?). लेबलं तर पेरणीच्या दिवशीच बांधावर पडली होती. बियाणं सगळं मातीत. पंचनामा करून दाखवायचं काय, तर रिकामं शेत. भरपाई काहीच मिळाली नाही.

यात चूक नक्की कोणाची, हे आम्हाला आजही माहीत नाही. बियाणं खराब होतं? पेरणी खोल झाली? पाऊस पुरेसा नसताना घाई झाली? तिन्ही शक्य आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर पडला आणि लॉगच नव्हते. मग काय, ज्याच्या त्याच्यावर ढकलायचं. काका कंपनीला शिव्या देत होते, दुकानदार पावसाला आणि गावातले लोक काकांना.

तर या पार्श्वभूमीवर आम्ही परिसंवादाला पोहोचलो. काकांनी वर्णन केलं होतं तसंच सगळं होतं. उद्घाटनाला उशीर, व्यासपीठावर खुर्च्या कमी आणि मान्यवर जास्त, हार, शाल, नारळ. काका माझ्याकडे बघून मिशीत हसत होते. बाहेर स्टॉलवर एक जण टॉनिकची बाटली हलवून "एकरी दोन क्विंटल वाढ" असं सांगत होता. कशाच्या तुलनेत वाढ, असं विचारल्यावर त्याने मला माहितीपत्रक दिलं.

पण साडेबाराला सोयाबीनचं सत्र सुरू झालं आणि बोलायला उभा राहिलेला माणूस सरळ मुद्द्यावर आला. पहिलंच वाक्य असं, की सोयाबीन हे स्वपरागीत पीक आहे, त्यामुळे दरवर्षी नवं बियाणं विकत घ्यायची गरज नाही. एकदा प्रमाणित बियाणं घेतलं की त्यातून आलेलं चांगलं बियाणं पुढची दोन वर्षं घरचं वापरता येतं. काकांनी माझ्याकडे बघितलं. दरवर्षी बॅगा घेण्यात पंधरा वर्षं गेली होती. मध्ये एकदोनदा घरचं वापरून पाहिलं, पण ते नीट उगवलं नाही म्हणून सोडून दिलं.

ते का उगवलं नाही हेही त्याच सत्रात कळलं. सोयाबीनच्या दाण्याचं साल फार पातळ असतं आणि कोंब त्या सालाच्या अगदी लगत असतो. दाणा बाहेरून धडधाकट दिसतो, पण मार लागला की आतून मेलेला असतो. म्हणून बियाण्याचं सोयाबीन मळताना मळणीयंत्राच्या ड्रमचा वेग कमी ठेवायचा, मिनिटाला साधारण चारशे फेऱ्यांच्या आसपास. पोती उंचावरून आपटायची नाहीत, थप्पी उंच लावायची नाही. आमच्याकडे मळणीयंत्र भाड्याने येतं आणि त्याच्या मालकाला पुढच्या शेतात जायची घाई असते. त्यामुळे वेग पूर्ण, आणि पोती ट्रॉलीतून थेट जमिनीवर धपाधप. आम्ही घरचं बियाणं दरवर्षी आमच्याच हाताने मारत होतो आणि नाव बियाण्याला ठेवत होतो.

मग उगवण चाचणी. ही तर इतकी सोपी, की मला आपल्याकडच्या युनिट टेस्टची लाज वाटली. पोत्याचा ओला तुकडा घ्यायचा. बियाण्याच्या ढिगातून सरसकट, न निवडता, शंभर दाणे मोजून दहा-दहाच्या ओळीत त्यावर मांडायचे. वर दुसरा ओला तुकडा, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, वाळू द्यायची नाही. चार-पाच दिवसांनी उघडून चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे. सत्तर किंवा जास्त असतील तर एकरी तीस किलो बियाणं. प्रमाणित बियाण्याचा किमान निकषही सत्तर टक्क्यांचाच आहे. साठ असतील तर एकरी पस्तीस किलो. साठच्या खाली गेलं तर ते बियाणं पेरायचंच नाही. खर्च शून्य रुपये. हीच चाचणी विकतच्या बॅगेतल्या बियाण्याचीही करता येते.

याच्याबरोबर आणखी तीन-चार गोष्टी. पंच्याहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरायचं नाही. दाणा तीन-चार सेंटिमीटरवर पडला पाहिजे, पाचच्या खाली नको. बीजप्रक्रिया करताना आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि जिवाणू संवर्धक सगळ्यात शेवटी, हा क्रम मोडायचा नाही. रुंद वरंबा-सरी पद्धतीने, म्हणजे लोक ज्याला बीबीएफ म्हणतात त्या यंत्राने पेरलं तर बियाणं एकरी बावीस किलोच्या आसपास लागतं, कमी पावसात ओल टिकते आणि जास्त पावसात पाणी सरीतून निघून जातं.

इथे कोणीतरी म्हणेल, अरे, हे सगळं यूट्यूबवर आहे की! कृषी विभागाच्या घडीपत्रिकेतही आहे. खरंय. मीच काकांना असे व्हिडिओ पाठवलेत आणि त्यांनी मला अंगठा पाठवलाय. पण व्हिडिओ उलटा प्रश्न विचारत नाही. आणि खरा फायदा तिथेच आहे.

प्रश्नोत्तरांच्या वेळी मी काकांना ढोसून उभं केलं. माईक हातात आल्यावर ते जरा अडखळले. मग म्हणाले, "साहेब, आमच्या शेजारच्यानं फुले संगम लावलं, त्याला लई शेंगा. मी तेच लावलं तर मला का येत नाही?" वक्त्याने वाणाबद्दल एक शब्द न बोलता विचारलं, "जमीन कशी आहे? शेजाऱ्याची आणि तुमची सारखीच आहे का? पाणी द्यायची सोय आहे? पेरलं कधी?" काका म्हणाले, शेजाऱ्याची काळी भारी, विहिरीखालची. आमची माळाकडची, हलकी. "मग झालं की," तो म्हणाला. "ते शंभर दिवसांच्या पुढे जाणारं वाण. तुमच्या जमिनीतली ओल तेवढी टिकत नाही. दाणा भरायच्या वेळी झाड उपाशी राहतं. माळाला लवकर येणारं लावा, आणि तेही आधी अर्धा एकर लावून बघा." आपल्या परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची एमएयूएस नावाची वाणं आहेत (एमएयू म्हणजे मराठवाडा ॲग्रिकल्चरल युनिव्हर्सिटी, एस म्हणजे सोयाबीन, इतकं सरळ), त्यातलं एमएयूएस-७१ शेजाऱ्याच्या वाणापेक्षा आठवडा-दीड आठवडा आधी काढणीला येतं, हेही त्याने सांगितलं.

तीन मिनिटांचा संवाद. पण काकांचा प्रश्न दोन वर्षं चुकीचाच होता आणि चुकीच्या प्रश्नाला व्हिडिओ बरोबर उत्तर देऊ शकत नाही. समोर माणूस लागतो. आमच्या क्षेत्रात याच कामाला कन्सल्टंट तासाचे पैसे घेतात.

दुसरा फायदा चहाच्या रांगेत झाला. लातूरकडचा एक शेतकरी भेटला. त्याने शेतमाल तारण योजनेबद्दल सांगितलं. राज्याच्या पणन मंडळाची ही योजना १९९०-९१ पासून चालू आहे आणि काकांनी तिचं नाव फक्त ऐकलेलं. सोयाबीन बाजार समितीच्या गोदामात ठेवायचं, किमतीच्या पंच्याहत्तर टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, सहा टक्के व्याजाने, एकशे ऐंशी दिवसांसाठी. दिवाळीला पैसा हवा म्हणून पडत्या भावात विकायची वेळ टळते. हे काकांना कुठल्या अधिकाऱ्याने सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावून सोडून दिलं असतं. पण हा माणूस स्वतः करतो. त्याला कोणत्या कागदाला किती दिवस लागले, गोदामात आर्द्रता मोजताना काय झालं, हे तो सांगत होता आणि काका खोदून खोदून विचारत होते. शेतकऱ्याचा विश्वास शेतकऱ्यावर बसतो, कारण दोघांचं बुडतं ते सारखंच.

भावाचं सत्र दुपारी होतं आणि ते ऐकून मीच जास्त शिकलो. आपण सोयाबीनला तेलबिया म्हणतो, पण दाण्यात तेल जेमतेम अठरा-वीस टक्के. बाकी बहुतेक पेंड. त्यामुळे भाव ठरतो तो बराचसा पेंडीवर, म्हणजे कोंबड्या काय खातात यावर. ब्राझील आणि अर्जेंटिनाची पेंड स्वस्त झाली की आपली निर्यात अडते. अलीकडे देशातच मका आणि तांदळापासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्यांचा चोथा, ज्याला डीडीजीएस म्हणतात, तो खाद्य म्हणून स्वस्तात बाजारात आलाय आणि तो पेंडीची जागा घेतोय. २०२१ च्या उन्हाळ्यानंतर भाव दहा हजारांवर गेला होता, त्याच ऑगस्टमध्ये केंद्राने बारा लाख टन जीएम सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली आणि नवीन माल येईपर्यंत भाव घसरलाही. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये आणि बाजारात त्याच्या खाली विक्री. हमीभावाच्या खरेदीला बारा टक्के आर्द्रतेची अट, ती त्या वर्षी नोव्हेंबरच्या मध्यावर पंधरा टक्के केली. तोवर गरजेपोटी अनेकांनी माल व्यापाऱ्याला घातलाही होता.

हे ऐकून काका म्हणाले, "म्हणजे आपल्या हातात कायच नाही." बरोबर आहे. परिसंवादाने भाव वाढत नाही, हे स्पष्टच सांगायला हवं. तो प्रश्न धोरणाचा आहे आणि शेतकऱ्याला "तुम्ही शिका, म्हणजे परवडेल" असं सांगून तो झटकणाऱ्यांचा मला राग येतो. पण भाव हातात नसेल तर खर्च आणि जोखीम जेवढी हातात आहे तेवढी तरी धरावी की नाही? सहा एकरांचं बियाणं घरचं वापरलं तर वाचणारा पैसा हा भाव कितीही पडला तरी वाचलेलाच असतो. परिसंवादाला यायचा एसटीचा खर्च आणि बुडालेला रोज धरूनही सगळा दिवस एका बॅगेपेक्षा स्वस्त पडला.

परिसंवाद कसा करावा याबद्दलही मला बोलायचंय. सत्कार पाऊण तास आणि प्रश्नोत्तरं वीस मिनिटं, हे प्रमाण उलटं करा. भाषणाची छापील प्रत द्या आणि सगळा वेळ प्रश्नांना ठेवा. दुसरं म्हणजे सभागृहात बायका अगदीच थोड्या होत्या. आता मला सांगा, आमच्या घरी बियाणं पाखडतं कोण, वाळवतं कोण, साठवतं कोण? काकू. लेबलासकट बॅग धुतली कोणी? काकूनेच, कारण लेबल जपायचं असतं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आणि आम्ही परिसंवादाला नेलं कोणाला, तर काकांना. ही चूक माझी. परत आल्यावर काकांनी तिला सगळं सांगितलं आणि तिने सगळ्यात आधी विचारलं, "मग मला का नाही नेलं?" उत्तर नव्हतं.

मग तिनेच पोत्याच्या तुकड्यावर शंभर दाणे मांडले. चौऱ्याहत्तर उगवले. त्या वर्षी अर्धं बियाणं घरचं, अर्धं विकतचं. विकतच्याचं बिल, लेबल आणि मूठभर दाणे एका डब्यात घालून तिने देवघराच्या फळीवर ठेवले. दीड एकरावर भाड्याचं बीबीएफ यंत्र आणलं. जून-जुलै छान गेला. आणि मग २०२५ चा सप्टेंबर आला.

मराठवाड्यात त्या महिन्यात काय झालं ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंय. आमचं सखल भागातलं सोयाबीन पाण्यात उभं राहून सडलं. वरंब्यावरच्या दीड एकरातलं पाणी लवकर ओसरलं आणि तिथलं पीक बऱ्यापैकी हाताला लागलं. यावरून बीबीएफ म्हणजे जादू, असं म्हणणार नाही. नदीकाठी ज्यांची मातीच वाहून गेली त्यांना असलं काही सांगणं हा क्रूरपणा होईल. सगळं बरोबर करूनही शेती बुडू शकते. आपल्याकडे प्रोजेक्ट बुडाला तरी महिन्याच्या शेवटी पगार होतो, हा फरक विसरून कोणी शेतकऱ्याला शहाणपण शिकवू नये. मीही नाही.

मग फायदा काय झाला? सांगतो. परवा काकूचा फोन आला. पावसातून वाचलेल्या सोयाबीनमधलं तिने बियाण्यासाठी राखलं होतं. दिसायला दाणा चांगला, टपोरा. २०२० पूर्वी असता तर काकांनी डोळे झाकून पेरला असता. काकूने शंभर दाणे मांडले, पाचव्या दिवशी मोजले. "आरं, अठ्ठावन्नच आले," ती म्हणाली. "परत मांडले, तर सत्तावन्न. हे काही पेरायचं नाही. विकून टाकू. काकांना म्हणावं, आत्ताच चांगलं बियाणं बघून ठेवा, मग धावपळ नको. आणि बिल माझ्याकडे द्या."

२०१९ ला काढणीत पाऊस झाला आणि २०२० च्या जूनमध्ये शेत उगवलं नाही. २०२५ लाही काढणीच्या तोंडावर पाऊस झाला, पण या वेळी नापास बियाणं स्वयंपाकघरात सापडलं, शेतात नाही. चार एकरांची दुबार पेरणी टळली. टोपी आणि पिशवीच्या जोडीला आम्ही त्या परिसंवादातून एवढं आणलं आणि मला ते पुष्कळ वाटतं.

आता तुमच्याबद्दल. हे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं गावाकडे कोणी ना कोणी सोयाबीन लावतं, हे मला माहितीये. परभणीच्या विद्यापीठाचा वर्धापनदिन १८ मे, १९७२ साली त्या दिवशी ते स्थापन झालं. त्या निमित्ताने तिथे दरवर्षी खरीप पीक परिसंवाद होतो आणि १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, रब्बीचा. आमच्या शहरात पैठण रोडवर आणि गांधेलीला कृषी विज्ञान केंद्रं आहेत, तिथे तर वर्षभर काही ना काही चालू असतं. एक दिवस सुट्टी टाका आणि काका-काकू, मामा-मामी, आई-बाबा, जे कोणी असतील त्यांना घेऊन जा. दोघांनाही. जाताना घरून एकच प्रश्न पक्का करून न्या, जमीन कोणती, पेरणी कधी, मागच्या वर्षी काय झालं हे लिहून न्या. उद्घाटन चुकलं तरी चालेल, प्रश्नोत्तरं चुकवू नका. टॉनिकवाल्याला "कशाच्या तुलनेत?" एवढंच विचारा. आणि जे नवं ऐकाल ते आधी अर्ध्या एकरात करून बघा.

सोयाबीनला आजी नव्हती. पण आमच्या काकूची नात सध्या दुसरीत आहे आणि परवा दाणे मोजायला तीच बसली होती म्हणे.

असो. १८ मे तेवढा लक्षात ठेवा.